मुलाचे लोकेशन दाखवणारे ॲप: पैसे भरण्याआधी हे वाचा

फेसबुक किंवा इन्स्टाग्राम चाळताना अधूनमधून एक जाहिरात दिसते. मुलाचा मोबाइल नंबर टाका. तो कुठे आहे, कोणाशी बोलतो, व्हॉट्सॲपवर काय लिहितो, सगळे तुमच्या फोनवर दिसेल. मुलाला पत्ताही लागणार नाही. खाली नकाशावर सरकणारा ठिपका असतो आणि आजच्यापुरती सवलत असते.

या जाहिरातींबद्दल पालकांचे प्रश्न पुन्हापुन्हा तेच असतात. असे ॲप खरेच चालते का? घ्यावे का? घेतले असेल तर आता काय करावे? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून जेईई-नीटच्या क्लाससाठी मुले नागपुरात खोली घेऊन राहतात. संध्याकाळी फोन उचलला नाही की गावाकडे आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो. शहरातले पालकही मूल शिकवणीहून उशिरा आले की तितकेच घाबरतात. ही काळजी रास्त आहे आणि ठगांना ती नेमकी ठाऊक आहे.

थोडक्यात उत्तर असे: समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतून असे ॲप घेऊ नका. मुलांच्या सुरक्षिततेसाठी लागते ते बहुतेक सारे तुमच्या फोनमध्ये फुकट उपलब्ध आहे. ते कसे वापरायचे, खोटी जाहिरात कशी ओळखायची आणि पैसे गेलेच तर कुठे धाव घ्यायची, हे पुढे क्रमाने दिले आहे.

नुसत्या नंबरवरून काय कळते?

- लोकेशन कळत नाही. फोन कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहे, हे मोबाइल कंपनीला माहीत असते. ती माहिती कायदेशीर प्रक्रियेनंतर पोलीस व तपास यंत्रणांना मिळते. ९९ रुपयांच्या ॲपला ती मिळत नाही.
- व्हॉट्सॲपचे संदेश वाचता येत नाहीत. संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्या फोनवरच ते उघडतात. दुसऱ्या उपकरणावर ते पाहायचे तर मुलाचा फोन हातात घेऊन क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो किंवा जोडणीचा कोड द्यावा लागतो.
- कॉलची यादी मिळत नाही. तीही कंपनीकडेच असते.

जाहिरातीतला सरकता ठिपका म्हणजे चित्रफीत असते. नंबर टाकल्यावर ‘शोध सुरू आहे, ८० टक्के पूर्ण’ असे दाखवणारी पट्टीही आधीच बनवलेली असते. शेवटी ‘निकाल पाहण्यासाठी पैसे भरा’ असे येते आणि तेवढाच भाग खरा असतो.

फसवणूक कशी पुढे सरकते?

सगळे सापळे एकसारखे नसतात. साधारण चार प्रकार दिसतात:

1. पैसे घेऊन गायब. थोडी रक्कम घेतात, ॲप चालत नाही, तक्रारीला उत्तर येत नाही. रक्कम लहान म्हणून पालक गप्प बसतात.
2. ऑटोपेचा सापळा. ‘एक रुपयात चाचणी’ म्हणून यूपीआय पिन टाकायला लावतात. तो पिन प्रत्यक्षात दरमहा शेकडो रुपये कापण्याला दिलेली मंजुरी असते.
3. एपीके फाइल. ॲप प्ले स्टोअरवर नाही म्हणतात आणि व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतात. लग्नपत्रिका किंवा आरटीओच्या चलानाच्या नावाने येणाऱ्या फाइली हीच युक्ती वापरतात. फाइल उघडून परवानग्या दिल्या की एसएमएस आणि ओटीपी परस्पर ठगाकडे जाऊ लागतात.
4. ‘आम्ही सेटिंग करून देतो.’ मदतीच्या नावाखाली तुमच्या फोनचा पडदा दुरून पाहता येईल असे ॲप टाकायला लावतात.

चौथ्या प्रकाराने काय होते, हे नागपूरने पाहिले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये कोराडी भागातले असे प्रकरण पोलिसांत गेले. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात वडिलांचा फोन होता. डिजिटल पेमेंट कंपनीच्या ग्राहक सेवेतून बोलतो असे सांगणाऱ्याने खर्चाची मर्यादा वाढवून देतो म्हणत त्याला एक ॲप उतरवायला लावले. ते दुरून फोनचा ताबा देणारे ॲप होते. वडिलांचे बँक खाते त्याच नंबराशी जोडलेले असल्याने खात्यातून जवळपास ९ लाख रुपये गेले. तिथे बतावणी खर्चाच्या मर्यादेची होती, इथे ती मुलाच्या सुरक्षिततेची आहे. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ॲप टाकणे, ही चूक दोन्हीकडे तीच.

ॲप खरेच चालत असेल तर?

काही पालक म्हणतात, ‘पैसे गेले तरी चालतील, पण काम करणारे ॲप सांगा.’ त्यांनी दोन घटना लक्षात ठेवाव्यात.

‘कॅटवॉचफुल’ नावाचे ॲप मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी म्हणून विकले जात होते. फोनमध्ये ते दिसत नाही, हीच त्याची जाहिरात होती. जुलै २०२५ मध्ये उघड झाले की त्याच्या सर्व्हरला धड कुलूपच नव्हते. ६२ हजारांहून अधिक ग्राहकांचे ईमेल व पासवर्ड आणि सुमारे २६ हजार फोनमधली माहिती उघड्यावर आली. सर्वाधिक फोन ज्या देशांतले होते, त्यांत भारतही होता.

‘स्पायफोन’ हे ॲपही मुलांच्या नावाने विकले जाई. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीला पाळत ठेवण्याच्या धंद्यातूनच बंदी घालण्याचा निर्णय जाहीर केला आणि गुपचूप जमवलेली माहिती पुसायला लावली.

असे ॲप मुलीचे फोटो, तिचा शाळेचा रस्ता, मैत्रिणींशी झालेले बोलणे तुम्हाला दाखवण्याआधी स्वतःच्या सर्व्हरवर नेते. तो सर्व्हर कोणत्या देशात आहे आणि तिथे कोण बसले आहे, हे तुम्हाला कधीच कळत नाही. अनोळखी माणसाला घराची किल्ली देऊन घर सुरक्षित होत नाही.

पाच मिनिटांची तपासणी

जाहिरात कितीही खरी वाटली तरी पैसे भरण्याआधी एवढे पाहा:

- पान कधी उघडले? फेसबुकवर त्या पानाच्या माहितीत ‘पेज ट्रान्स्परन्सी’ असते. पान कधी तयार झाले, नाव किती वेळा बदलले, चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे तिथे दिसते. आधी कपड्यांचे दुकान असलेले पान आज ‘बालसुरक्षा’ झाले असेल तर तिथेच थांबा.
- ॲप कुठे मिळते? प्ले स्टोअर किंवा ॲपलच्या ॲप स्टोअरबाहेरची फाइल घेऊच नका. लिंकवर न जाता स्टोअरमध्ये स्वतः नाव टाइप करून शोधा.
- ॲप लपते का? पालकांना मुलांवर लक्ष ठेवू देणाऱ्या ॲपने फोनवर स्पष्ट सूचना व चिन्ह दाखवलेच पाहिजे, असा प्ले स्टोअरचा नियम आहे. ‘मुलाला कळणार नाही’ असा दावा म्हणजे ॲप नियम मोडते किंवा विक्रेता खोटे बोलतो.
- कंपनीचा पत्ता आहे का? पूर्ण पत्ता, तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि गोपनीयतेचे धोरण नसेल तर भांडायचे कोणाशी?
- पैसे कुठे जातात? कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय आयडीवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या क्यूआर कोडवर पैसे मागितले तर देऊ नका.
- वाईट अभिप्राय वाचा. पाच तारे विकत मिळतात. एक तारा देणाऱ्यांनी काय लिहिले आहे, ते आधी वाचा.

‘प्रायोजित’ असे लिहिलेले असणे म्हणजे फेसबुक किंवा इन्स्टाग्रामने खात्री केली असे नाही. त्या जागेचे पैसे भरले आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

या परवानग्या मागितल्या तर हात आवरा

- ॲक्सेसिबिलिटी: ही दिली की ॲप पडद्यावरचे सगळे वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते.
- एसएमएस वाचणे: ओटीपी याच वाटेने जातो.
- डिव्हाइस ॲडमिन: ही दिल्यावर ॲप काढून टाकणे अवघड होते.
- अनोळखी ॲप उतरवण्याची मुभा: ही कायम बंदच ठेवा.
- ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा’: असे सांगणारा माणूस फोनचे संरक्षण काढायला सांगतो आहे. संभाषण तिथेच संपवा.

ॲप टाकण्याचे काम नागपुरात बर्डीच्या एखाद्या मोबाइल दुकानातून करून घेणार असाल तरी फोन आणि पिन देऊन बाहेर थांबू नका. कोणते ॲप टाकले आणि कोणत्या परवानग्या दिल्या, ते समोर बसून पाहा.

तुम्हाला नेमके काय हवे आहे?

‘सगळे कळले पाहिजे’ या इच्छेपोटी पालक फसतात. गरज ठरवली की उपाय सोपा होतो.

मूल कुठे आहे, एवढेच हवे असेल तर: व्हॉट्सॲपवर मुलाने ‘लाइव्ह लोकेशन’ पाठवावे. ते १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास चालते. शिकवणीला जाताना सुरू केले की घरी पोहोचेपर्यंत पुरते. रोज हवे असेल तर गूगल मॅप्समधून कायम लोकेशन देता येते.

लहान मुलाचा अँड्रॉइड फोन असेल तर: गूगलचे ‘फॅमिली लिंक’ मोफत आहे. मुलाच्या नावाने वेगळे गूगल खाते उघडा. फोन किती वेळ वापरायचा, रात्री कधी बंद व्हावा, कोणते ॲप उतरवायचे, हे तुम्ही ठरवता. लोकेशनही दिसते. संदेश मात्र ते वाचत नाही.

आयफोन असेल तर: ‘स्क्रीन टाइम’ आणि ‘फॅमिली शेअरिंग’ फोनमध्येच असतात. वेगळे काही घ्यावे लागत नाही.

इन्स्टाग्रामची काळजी असेल तर: फेब्रुवारी २०२५ पासून भारतातही किशोरांसाठी ‘टीन अकाउंट’ आहे. खाते आपोआप खासगी राहते, अनोळखी लोकांच्या संदेशांवर बंधने येतात. मुलाने नोंदवलेले वय खरे आहे का, एवढे तुम्ही तपासा.

मूल गप्प झाले आहे, घाबरलेले वाटते: इथे कोणतेही ॲप उपयोगाचे नाही. आधी बोला. वर्गशिक्षकांना भेटा. कोणी त्रास देत असेल, फोटोवरून धमकावत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास आहे.

मुलाला सांगून करा

सातवी-आठवीच्या मुलाशी सरळ बोला: ‘तुझे लोकेशन मला दिसेल, तुझे संदेश मी वाचणार नाही. काही अडचण आली तर मी रागावणार नाही.’ चोरून टाकलेले ॲप मुलांना आज ना उद्या सापडते. मग मूल दुसरा फोन किंवा दुसरे खाते शोधते. खऱ्या संकटात तुम्हाला सांगायचे टाळते, हे त्याहून वाईट. फसवणाऱ्यांना असे एकटे पडलेले मूलच हवे असते.

वयही पाहा. क्लाससाठी नागपुरात राहणारी तुमची मुलगी १८ पूर्ण असेल तर ती कायद्याने सज्ञान आहे. तिच्या फोनमध्ये परवानगीशिवाय शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ च्या कक्षेत येऊ शकते. तिने स्वतःहून लोकेशन दिले तर प्रश्नच नाही. आणि हेच ॲप पती किंवा पत्नीच्या फोनमध्ये टाकण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो तुम्हाला गुन्ह्याकडे नेतो आहे.

ॲप टाकले किंवा पैसे गेले तर: हा क्रम पाळा

1. फोनचे इंटरनेट तोडा. विमान मोड लावा आणि वाय-फाय बंद करा. पुढचे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा.
2. लगेच १९३० वर कॉल करा. ही राष्ट्रीय सायबर मदतवाहिनी आहे. पैसे ठगाच्या खात्यातून पुढे जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ते रोखता येतात. ‘संध्याकाळी घरच्यांना विचारून करू’ म्हणाल तर तोवर उशीर झालेला असेल.
3. बँकेला कळवा. कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या.
4. पुरावे जपा. जाहिरातीचा आणि पानाचा स्क्रीनशॉट, लिंक, व्हॉट्सॲपवरचे बोलणे, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी. रागाच्या भरात संभाषण पुसू नका.
5. लेखी तक्रार करा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. नागपूर शहरात पोलीस आयुक्तालयाचे सायबर पोलीस ठाणे आहे. काटोल, उमरेड, रामटेकसारख्या भागांसाठी नागपूर ग्रामीण पोलीस आहेत. जवळच्या कोणत्याही ठाण्यात गेलात तरी चालते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची नोंद नाकारता येत नाही.
6. फोन स्वच्छ करा. ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनमधून त्या ॲपचा अधिकार काढा, मग ॲप काढून टाका. शंका उरली तर फोटो व संपर्क जपून फॅक्टरी रीसेट करा. मोठी रक्कम गेली असेल तर रीसेट करण्याआधी तपास अधिकाऱ्याला विचारा.
7. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. गूगल खाते, ईमेल, बँक या क्रमाने. व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा आणि अनोळखी उपकरण बाहेर काढा. कॉल दुसरीकडे वळवले आहेत का, तेही पाहा.
8. मुलाचा फोनही तपासा. ॲप दोन्ही फोनमध्ये टाकले असेल तर हेच सारे त्या फोनवरही करा.

ऑटोपे बंद करायला विसरू नका

ॲप फोनमधून काढले तरी ऑटोपेची मंजुरी कायम राहते. ज्या यूपीआय ॲपमधून पैसे भरले, त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हा भाग उघडा आणि ती मंजुरी रद्द करा. प्ले स्टोअरवरून वर्गणी घेतली असेल तर स्टोअरमधील ‘सबस्क्रिप्शन’मध्ये जाऊन रद्द करा.

ठरावीक काळाने कापली जाणारी १५ हजार रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी ओटीपी न विचारता जाऊ शकते. मात्र कपातीच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना मिळायला हवी. तो एसएमएस ‘जाहिरात असेल’ म्हणून न वाचता पुसू नका.

तुमचे हक्क

- बँकेकडून भरपाई: रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुमचा दोष नसताना तिऱ्हाइताने परस्पर पैसे काढले आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवण्याआधीचे नुकसान तुम्हाला सोसावे लागू शकते. पण कळवल्यानंतर गेलेल्या पैशांची जबाबदारी बँकेची असते. लवकर कळवण्याचा फायदा दोन्ही बाबतींत आहे.
- लोकपाल: बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही.
- ग्राहक म्हणून तक्रार: फसव्या जाहिरातीविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५ वर कळवा. रद्द करताच येऊ नये अशी रचलेली वर्गणी आणि खोटी घाई या दोन्ही क्लृप्त्या केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी निषिद्ध आहेत. कंपनीचा ठावठिकाणा माहीत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही.
- फौजदारी कारवाई: तोतयेगिरी करून संगणक किंवा मोबाइलद्वारे फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठी आहे.
- मुलाच्या माहितीचे संरक्षण: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानली आहे. मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यासही मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

जाहिरातीच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर बोट ठेवून ती ‘फसवणूक’ म्हणून कळवा. दोन सेकंदांच्या या कामाने दुसरे एखादे घर वाचू शकते.

दुसऱ्यांदा फसू नका

तक्रारीनंतर काही दिवसांनी फोन येऊ शकतो: ‘सायबर सेलमधून बोलतो, तुमचे पैसे सापडले, सोडवण्याचे शुल्क भरा.’ पोलीस किंवा बँक पैसे परत देण्यासाठी पैसे मागत नाहीत. रोखून धरलेली रक्कम कशी परत मिळेल, याची माहिती तुमचा तपास अधिकारी देतो. अशा वेळी फोन ठेवा, ठाण्यात स्वतः जा आणि तक्रार क्रमांक दाखवून खात्री करा.

पालकांनो, फसलात म्हणून लाज वाटू देऊ नका. तुम्ही मुलाच्या काळजीपोटी बोट पुढे केले होते, गुन्हा समोरच्याने केला. गप्प राहिलात तर तोच माणूस तीच जाहिरात उद्या तुमच्या शेजाऱ्याला दाखवेल. म्हणून आजच घरात तीन गोष्टी करा: १९३० हा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये नोंदवा, यूपीआयमधील ऑटोपेची यादी तपासा आणि मुलाशेजारी बसून त्याच्या फोनवर लोकेशन सुरू करा. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत.